वऱ्हाडी साहित्यातील कथाविश्व

वऱ्हाडी साहित्यातील कथाविश्व म्हणजे वऱ्हाड प्रदेशावर, विशेषतः अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या परिसरावर, बेतलेल्या कथा-कादंबऱ्यांमधून उभे राहिलेले कल्पित जग होय. या जगात खेडी, नद्या, शेतशिवार, माणसे, त्यांची नाती आणि त्यांची बोली यांचा समावेश होतो. असे जग लेखकाच्या मनात उभे राहणे आणि त्यातून आदि, मध्य व अंत असलेली कथा पूर्ण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वऱ्हाडी लेखकांच्या हाताशी जगाची सामग्री भरपूर होती. त्या जगातून नेमके काय उचलायचे, कोणाच्या नजरेने पाहायचे आणि कोठे थांबायचे, हे ठरवणे त्याहून अवघड होते. हा प्रश्न प्रत्येक महत्त्वाच्या लेखकाने आपापल्या पद्धतीने सोडवला असून त्यातून वऱ्हाडी कथात्म साहित्याचे निरनिराळे घाट घडले आहेत.

संकल्पना

कथानक म्हणजे कथेत घडणाऱ्या घटनांची कार्यकारणाने बांधलेली मालिका, तर कथाविश्व म्हणजे त्या घटना ज्या जगात शक्य होतात ते संपूर्ण जग. कथाविश्व नेहमीच कथानकापेक्षा मोठे असते. गावात शंभर घरे असतात, पण कथा त्यांतील एका घराची असते. उरलेली नव्व्याण्णव घरे कथेत प्रत्यक्ष येत नाहीत, तरीही ती आहेत असे वाचकाला जाणवावे लागते. ॲरिस्टॉटलने कथेला आरंभ, मध्य व शेवट हवा असे म्हटले. जगाला मात्र यांपैकी काहीच नसते, आणि लेखकाची खरी अडचण तेथेच सुरू होते.

जग आधी रचून कथा नंतर शोधणाऱ्या लेखकांत इंग्रज लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून त्यांनी आपल्या कल्पित जगाच्या भाषा, वंशावळी व पुराणकथा रचल्या. त्या जगाचा प्राचीन इतिहास सांगणारा ‘द सिल्मरिलियन’ हा ग्रंथ त्यांच्या हयातीत पूर्ण झाला नाही. त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी तो संपादित करून १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच जगातील ‘द हॉबिट’ (१९३७) ही कथा मात्र पूर्ण झाली, कारण तिला घरातून निघून परत घरी येणाऱ्या एका प्रवासाची चौकट मिळाली. अमेरिकन लेखक विल्यम फॉकनर यांचा योक्नापटाफा परगणा आणि आर. के. नारायण यांचे मालगुडी ही एका कल्पित भूभागातून अनेक स्वतंत्र कथा काढल्याची उदाहरणे आहेत. मराठीत व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ने (१९५५) एका तरुण शिक्षकाचे गावात येणे आणि गाव उठून जाणे या दोन टोकांत माणदेशातील एक वाडी बसवली.

वऱ्हाडची परंपरा वेगळ्या वळणाची आहे. येथील लेखकांना नवे जग रचावे लागले नाही, परंतु डोळ्यांसमोरचे जग कागदावर येताना तेही कल्पितच होते. गावाचे नाव बदलते, दोन माणसांचे मिळून एक पात्र होते आणि दहा वर्षांत घडलेले एका पावसाळ्यात घडते.

प्राचीन परंपरा

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे महत्त्वाचे स्थान असून मराठी गद्याचा आरंभकाळ त्याच्याशी जोडलेला आहे. म्हाइंभटांनी संकलित केलेले ‘लीळाचरित्र’ हे चरित्र आहे. कथेच्या दृष्टीने केसोबासांचा ‘दृष्टांतपाठ’ अधिक लक्षणीय ठरतो. चक्रधरस्वामींनी निरूपणात सांगितलेले ११४ दृष्टांत त्यात असून प्रत्येकाची मांडणी सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक अशी तीन भागांत केलेली आहे. सूत्रात सिद्धांत येतो, दृष्टांतात एक छोटेसे जग उभे राहते आणि दार्ष्टांतिक त्या जगाचा अर्थ सांगून ते मिटवते. हत्तीला चाचपणाऱ्या आंधळ्यांची प्रसिद्ध कथा याच रीतीने येते. आंधळ्यांचे गाव कोणते, त्यांची नावे काय, पुढे त्यांचे काय झाले, यांची चौकशी तेथे होत नाही. जेवढे जग अर्थासाठी लागते तेवढेच घेण्याची ही शिस्त मराठी कथेच्या इतिहासात फार लवकर दिसते.

तिवसा तालुक्यातील वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते. तेथून दरवर्षी रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. अमरावतीच्या अंबादेवी मंदिराचा संबंधही लोकश्रद्धेने रुक्मिणीहरणाशी जोडला आहे. या कथेवर महानुभाव कवी नरेंद्र यांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘रुक्मिणीस्वयंवर’ हे काव्य रचले. पंथीय परंपरेनुसार हे काव्य आपल्या नावावर करून द्यावे, अशी इच्छा रामदेवराव यादवाने व्यक्त केली. नरेंद्रांनी ती नाकारली आणि पोथी दरबारात ठेवून ते निघून गेले. आज उपलब्ध असलेल्या सुमारे ९०० ओव्या हा मूळ काव्याचा एक भागच होय, अशी समजूत आहे. आख्यायिकेचा भाग बाजूला ठेवला तरी काव्य अपुऱ्या स्वरूपात हाती आले आहे. कथा सर्वांना आधीच ठाऊक असल्याने वाचकाला तिचे अपुरेपण तितकेसे जाणवत नाही. पुराणकथेला उपलब्ध असलेली ही सोय पुढे कादंबरीला राहिली नाही.

कोल्हटकरांचे त्रिकूट

आधुनिक काळात वऱ्हाडात राहून एक सलग कल्पित जग चालवणारे पहिले मोठे लेखक श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) होत. त्यांनी अकोला, खामगाव व जळगाव (जामोद) येथे वकिली केली. ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकातून १९०२ पासून आलेल्या आणि पुढे ‘सुदाम्याचे पोहे’ या नावाने संग्रहित झालेल्या विनोदी लेखांत सुदामा, बंडूनाना व पांडुतात्या हे त्रिकूट वारंवार भेटते. रूढी, सण, लग्नकार्य, ज्योतिष आणि सभासंमेलने अशा विषयांच्या निमित्ताने ही तीन माणसे एका परिचित पांढरपेशा जगात वावरतात.

हे जग टिकाऊ होते, पण ते कथा झाले नाही. प्रत्येक लेखाच्या शेवटी पात्रे जशी होती तशीच उरतात आणि पुढच्या लेखात नव्याने फजित होतात. विनोदाला हे सोयीचे असते, कारण फजितीतून पात्र शहाणे झाले तर पुढचा विनोदच संपतो. राम गणेश गडकरी यांचा बाळकराम आणि चिं. वि. जोशी यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ हे याच वाटेने पुढे गेले. कोल्हटकरांचे जग बोलीने वा शिवाराने वऱ्हाडी नाही. त्यांची भाषा ग्रांथिक असून विनोद कोटीवर उभा आहे. वऱ्हाडात लिहिलेले आणि वऱ्हाडाचे असलेले, यांतील फरक त्यांच्या लेखनावरून स्पष्ट होतो.

त्याच काळात, १९१२ मध्ये, अकोल्यास भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद हरि नारायण आपटे यांनी भूषवले. ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः कादंबऱ्या लिहिणाऱ्या आपट्यांच्या काही कादंबऱ्या अपूर्णच राहिल्या. आठवड्याच्या आठवड्याला मजकूर देण्याच्या रीतीत जग विस्तारत जाते आणि शेवट लांबत जातो, हा अनुभव मराठी कादंबरीने तेव्हाच घेतला होता. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १९२३ मध्ये अमरावती येथे झाली. या घडामोडींनी प्रदेशात वाचक व लेखक तयार केले, तरी वऱ्हाडी खेडे कादंबरीच्या केंद्रस्थानी येण्यास आणखी तीन दशके जावी लागली.

प्रदेशाने दिलेली सामग्री

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळी जमीन, कापसाचे पीक आणि पावसावरची शेती यांनी वऱ्हाडी कथाविश्वाचे नियम ठरवले आहेत. सातपुड्यातून निघालेली पूर्णा अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहत तापीला मिळते. तिच्या दोन्ही बाजूंचा बराच भाग खारपाणपट्ट्यात मोडतो, म्हणजे तेथे जमिनीखाली पाणी असूनही ते पिण्यास व ओलितास चालत नाही. विहीर खोदून नशीब पालटल्याची कथा अशा गावात सहज घडत नाही, कारण भूगोलच तिला आडवा येतो.

कापसाने या प्रदेशातील कथांना एक तयार वेळापत्रक दिले. मृगाच्या पावसावर पेरणी, डवरणी व निंदण, श्रावण अमावास्येचा पोळा, दिवाळीच्या आगेमागे सुरू होणारी पहिली वेचणी, मग बाजार व कर्जफेड आणि पाडव्याच्या सुमारास ठरणारे सालगड्याचे साल, असा हा क्रम आहे. त्यात प्रत्येक टप्प्यावर काही तरी पणाला लागलेले असते. पाऊस लांबला तर दुबार पेरणी करावी लागते आणि बियाण्यासाठी पुन्हा उसनवारी होते. भाव पडला तर ठरलेले लग्न मोडते. पुण्या-मुंबईच्या कथेत लेखकाला जो ताण घटनेतून निर्माण करावा लागतो, तो येथे पंचांगातच असतो.

या सोयीचा एक धोकाही आहे. पेरणीपासून वेचणीपर्यंत सारे क्रमाने सांगितले की कादंबरी लिहून झाली, असा समज होऊ शकतो. तिफन, वखर, पऱ्हाटी, कुटार, धुरा व पांदण यांच्या तपशिलात रमलेल्या अनेक ग्रामीण कथांमध्ये शेवटी माणूस हरवतो आणि केवळ गावाचे वर्णन उरते.

गो. नी. दांडेकर

गो. नी. दांडेकर (१९१६–१९९८) यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील परतवाडा येथे झाला. कोवळ्या वयात स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीने त्यांनी घर सोडले, पुढे गाडगेबाबांच्या सहवासात राहिले आणि दीर्घकाळ भ्रमंती केली. ‘शितू’ (१९५३) व ‘पडघवली’ (१९५५) या कोकणातील कादंबऱ्यांनंतर त्यांनी ‘पूर्णामायची लेकरं’ (१९५७) ही वऱ्हाडी बोलीचा विपुल वापर करणारी कादंबरी लिहिली. शीर्षकातच तिची चौकट आहे. नदी ही आई असून काठावरचे लोक तिची लेकरे आहेत. एका नायकाऐवजी नदीकाठचा समूह येथे महत्त्वाचा ठरतो आणि नदीचे वाहणे, आटणे व फुगणे कथेला लय देते.

दांडेकरांची पद्धत फिरस्त्याची आहे. प्रत्येक प्रदेशाचे जग ते त्याच्या बोलीपासून उभे करतात. एकाच दशकात कोकण, सह्याद्री व वऱ्हाड या तिन्ही ठिकाणची बोली त्यांनी कादंबरीत आणली. वऱ्हाड सोडून दूर गेलेल्या माणसाने आठवणीतून उभे केलेले हे जग असल्याने त्यात जिव्हाळा ठळक आहे, तर अभावाची धार पुढच्या लेखकांच्या तुलनेने सौम्य आहे. अकोला येथे १९८१ मध्ये भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

उद्धव शेळके आणि ‘धग’

उद्धव ज. शेळके यांची ‘धग’ (१९६०) ही वऱ्हाडी कथाविश्वाला पूर्ण कादंबरीचे रूप देणारी सर्वांत महत्त्वाची कृती मानली जाते. शेळके मूळचे वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटचे असून त्यांच्या लेखनाचा परिसर प्रामुख्याने अमरावती जिल्ह्याचा आहे.

कादंबरीच्या केंद्रस्थानी कौतिक ही स्त्री आहे. तिचा नवरा महादेव शिंपीकाम करतो. तो स्वभावाने कच्चा असून पुढे त्याला महारोग जडतो. भीमा, नामा ही मुले व यसोदी ही मुलगी यांचा सांभाळ करण्यासाठी कौतिक मोलमजुरी करते. नामाने शिकावे, ही तिची आकांक्षा असते. परिस्थिती तिला टप्प्याटप्प्याने खाली ओढत जाते आणि ती प्रत्येक वेळी पुन्हा उभी राहते.

शेळके यांनी कथेची मर्यादा एका घरापुरती आखून घेतली. गाव, नातलग, मजुरीची कामे, आजार व शाळा या साऱ्या गोष्टी कादंबरीत येतात, पण त्या कौतिकच्या संसारावर ज्या क्षणी आघात करतात किंवा त्याला आधार देतात, त्याच क्षणी येतात. वर्णनासाठी वर्णन फारसे आढळत नाही. शिवणयंत्र दिसते ते त्यावर घर चालते म्हणून, आणि शाळेची फी येते ती देता येत नाही म्हणून. कथाविश्वातील प्रत्येक वस्तूला अशी किंमत लागल्यामुळे मोठा नाट्यमय प्रसंग नसतानाही कथेला वेग राहतो. कौतिकला काय हवे आहे हे वाचकाला पहिल्यापासून ठाऊक असते आणि ते मिळू नये अशीच तिच्या जगाची रचना असते. जगाचे नियम आणि माणसाची इच्छा यांच्यातील या विरोधातून कथानक आपोआप निघते, त्याला योगायोगांची गरज उरत नाही. विस्तवाच्या जवळ असताना लागणारी आंच, हा शीर्षकाचा अर्थही याच रचनेशी जुळतो.

दारिद्र्याचे चित्रण करताना लेखक कौतिकची बाजू मांडण्यासाठी मध्ये येत नाही. महादेवलाही खलनायक केलेले नाही. त्याचा दुबळेपणा, चिडचिड आणि आजार यांच्याकडे निवेदन सारख्याच शांतपणे पाहते. साठच्या दशकाच्या आरंभी, ग्रामीण कथेत विनोद व इरसालपणाची चलती असताना, ही अलिप्तता नवी होती.

शेळके यांनी पुढे शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांतील बराच मोठा भाग निर्वाहासाठी लिहिलेल्या लोकप्रिय कादंबऱ्यांचा असून समीक्षेत त्यांचे नाव मुख्यतः ‘धग’शीच जोडले गेले. लेखनावर पोट असलेल्या लेखकाला एका जगात वर्षानुवर्षे राहणे परवडत नाही, ही बाब त्यांच्या वाङ्मयीन कारकिर्दीचे मूल्यमापन करताना अनेकदा दुर्लक्षित राहते.

नंतरचे लेखक

बाबाराव मुसळे यांची ‘हाल्या हाल्या दुधू दे’ (१९८५) ही कादंबरी पूर्वी अकोला जिल्ह्यात असलेल्या आणि १९९८ पासून स्वतंत्र जिल्हा झालेल्या वाशिम भागातील शेतकऱ्याचे जग मांडते. पुरुषोत्तम बोरकर यांच्या ‘मेड इन इंडिया’ने (१९८७) घटनांऐवजी आवाजाला चौकट केले. वऱ्हाडीत बोलणारा निवेदक सारे गाव, राजकारण व स्वतःची फजिती आपल्या तोंडाने सांगतो. त्यामुळे विषय कितीही पसरला तरी बोलणाऱ्याच्या ढंगामुळे कादंबरी सुटी पडत नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला (२००२) २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकून बेकार राहिलेला एकनाथ तनपुरे आणि त्याचे शेतकरी कुटुंब यांची ही कथा आहे. शेतीचे वर्षचक्र येथे पुन्हा चौकट म्हणून येते, पण त्याचा अर्थ उलटा झालेला आहे. पूर्वीच्या कथेत एक वाईट हंगाम सरला की दुसऱ्याची आशा असे. येथे बाराही महिने सारखेच आहेत आणि चक्र फिरत राहणे हेच संकट आहे. अशा कथेला शेवट शोधणे कठीण असते. शेतकरी आत्महत्यांच्या काळातील अनेक कथांनी गळफासावर किंवा विषाच्या बाटलीवर शेवट केला, आणि तो वारंवार आल्याने हळूहळू ठोकळेबाज झाला. ‘बारोमास’चे वजन अखेरच्या घटनेपेक्षा घरातल्या रोजच्या धुसफुशीवर, विशेषतः भावाभावांतील व नवराबायकोतील ताणावर आहे.

रमेश इंगळे उत्रादकर यांच्या ‘निशाणी डावा अंगठा’त (२००५) प्रौढ साक्षरता मोहीम राबवणाऱ्या शिक्षकांचे जग येते. बैठका, आदेश, आकडे व अहवाल हा सरकारी व्यवहारच येथे कथानक होतो. योजनेला आरंभाची व समाप्तीची तारीख असते, त्यामुळे लेखकाला शेवट वेगळा शोधावा लागत नाही. मोहीम कागदोपत्री संपते आणि तिच्यासोबत उपरोधही पूर्ण होतो.

बोलीचा प्रश्न

वऱ्हाडी बोलीत ‘मला, तुला’ऐवजी ‘मले, तुले’, ‘का’ऐवजी ‘काहून’, आज्ञार्थात ‘जाजो, येजो’ अशी रूपे येतात. ‘डोळा’चा ‘डोया’ होतो आणि चालू क्रिया ‘करून राह्यला’ अशी सांगितली जाते. कथाविश्व खरे वाटण्यासाठी ही बोली आवश्यक असते, परंतु कोल्हापूरच्या किंवा मुंबईच्या वाचकाला तिने अडखळवले तर कथा थांबते.

यावर दोन उपाय प्रचलित झाले. पहिला ‘धग’चा. तिच्यात संवाद वऱ्हाडीत असून निवेदन प्रमाण मराठीला जवळचे, पण वऱ्हाडी शब्दांनी भारलेले आहे. दुसरा ‘मेड इन इंडिया’चा, ज्यात निवेदनही बोलीतच आहे. पहिल्या उपायात बोलणारी पात्रे आणि सांगणारा लेखक यांच्यात एक अंतर पडते. भाषा अडाण्यांची आणि समज शिकलेल्याची, अशी विभागणी त्यातून नकळत होऊ शकते. ‘धग’ या दोषापासून बऱ्याच अंशी वाचते, कारण तिच्या निवेदनात पात्रांपेक्षा जास्त शहाणपण मिरवलेले नाही. दुसऱ्या उपायात हे अंतर मिटते, मात्र बोली हीच मौज होऊन बसण्याचा धोका संभवतो. वऱ्हाडाबाहेरच्या प्रेक्षकाने एकपात्री प्रयोगांतून आणि चित्रपटांतून ही बोली प्रामुख्याने हसण्यासाठी ऐकली आहे. त्यामुळे गंभीर प्रसंगी आलेले ‘काहून’देखील काही वाचकांना विनोदी वाटते, आणि लेखकाला त्या सवयीशी झगडत लिहावे लागते.

‘बारोमास’चा दामोदर खडसे यांनी केलेला हिंदी अनुवाद प्रसिद्ध आहे. अमरावती व अकोल्याच्या बाजारपेठेत हिंदी पूर्वीपासून रुळलेली असून वऱ्हाडीच्या क्रियापदांवर व शब्दसंग्रहावर तिची छाया आहे. त्यामुळे हिंदीत जाताना या कथाविश्वाची वाक्यरचना इतर मराठी प्रदेशांच्या तुलनेने कमी परकी होते.